लोकसेवेसाठी पदव्युत्तर शिक्षण: संस्थेचे नाव आणि कर्जाचा हप्ता

समाजकार्य, ग्रामविकास किंवा सार्वजनिक धोरण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊन लोकांच्या कामात पडायचे असेल, तर संस्थांची क्रमवारी पाहण्याआधी त्या कामात पहिली पाच वर्षे हाती किती पगार येईल हे कागदावर मांडावे, असे माझे मत आहे. मला न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘टिस’च्या, तुळजापूर आवारात एकाच वर्षी प्रवेश मिळाला होता. मी तुळजापूरला गेलो आणि पुढे रोजगार हमीच्या कामात रमलो. त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे उघड आहे. वाचकाने तो हिशेबात धरूनच पुढचे वाचावे.

आधी आकडे पाहू. कोलंबियासारख्या विद्यापीठात सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमाचे एका वर्षाचे नुसते शिक्षणशुल्क ६० हजार डॉलरच्या वर जाते. राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. समजा, थोडीफार शिष्यवृत्ती आणि घरची मदत धरूनही ४० लाखांचे कर्ज काढावे लागले. १० टक्के व्याजाने आणि १५ वर्षांच्या मुदतीने त्याचा मासिक हप्ता सुमारे ४३ हजार रुपये होतो आणि एकूण परतफेड ७७ लाखांच्या पुढे जाते. शिकत असतानाच्या काळात साचणारे व्याज यात धरलेलेच नाही. उलट देशातच शिकण्यासाठी काढलेले ४ लाखांचे कर्ज त्याच व्याजाने पाच वर्षांत फेडायचे असेल, तर हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास बसतो. माझा पहिला पगार ३५ हजार होता, आणि जिल्ह्यातल्या स्वयंसेवी संस्थेच्या मानाने तो बरा समजला जात असे. मोठ्या कर्जाचा खरा तोटा इथे दिसतो: ज्या कामासाठी शिक्षण घेतले, ते काम करणेच परवडेनासे होते आणि माणूस सल्लागार कंपनीकडे वळतो. तिथे जाण्यात गैर काहीच नाही, पण मग निर्णयाचे निकषच वेगळे ठेवायला हवे होते.

बँकेच्या वागण्यावरून मात्र अंदाज बांधू नये. बँकांकडे संस्थांच्या याद्या असतात. यादीत वरच्या गटातल्या विद्यापीठासाठी मोठी रक्कमही विनातारण मिळू शकते, तर यादीबाहेरच्या संस्थेसाठी वडिलांच्या घराची कागदपत्रे, सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींची वकिलाने केलेली तपासणी) आणि मूल्यांकन मागितले जाते. कर्ज सहज मंजूर झाले म्हणजे निवड शहाणपणाची आहे, असा समज घरच्यांचा पटकन होतो. प्रत्यक्षात त्या विद्यापीठाचे विद्यार्थी साधारणपणे कर्ज फेडतात, एवढाच बँकेचा हिशेब असतो. तुम्ही गडचिरोलीत काम करणार आहात हे त्यात कुठेच धरलेले नसते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते, हेही आवर्जून सांगितले जाते. पण ३५ हजार पगारावर मुळात आयकरच लागत नसेल, तर सवलत कशातून मिळणार?

आणखी एक गोष्ट नवख्यांना फसवते. अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ‘लोकसेवा करा, दहा वर्षांनी उरलेले कर्ज माफ होईल’ असे वाचायला मिळते. २००७ च्या कायद्याने आलेली ही योजना खरी आहे: पात्र सार्वजनिक नोकरीत राहून १२० हप्ते भरल्यावर शिल्लक कर्ज माफ होते. मात्र ती तिथल्या केंद्र सरकारच्या कर्जालाच लागू आहे, आणि भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला ते कर्ज मिळतच नाही. आपल्या बँकेच्या कर्जाला असली माफी नाही, म्हणून तो सल्ला आपल्यासाठी निरुपयोगी आहे.

मग नावाला किंमत नाही का? आहे, पण ठरावीक दारांपुरती. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक, मोठे आंतरराष्ट्रीय निधी आणि दिल्लीतील काही धोरण-संशोधन संस्था इथे विद्यापीठाचे नाव आणि तिथल्या ओळखी अर्ज पुढे सरकवतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना ते लागू नाही. केंद्रीय आयोगाची गुणवत्ता यादी मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ अशा २०२५ गुणांवर लागते, आणि पात्रतेसाठी साधी पदवी पुरते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री फेलोशिपलाही पदव्युत्तर पदवीची अट नाही. पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि मराठी यावी लागते. तालुक्याच्या बैठकीत तर माझी पदवी कोणी कधी विचारली नाही. गटविकास अधिकारी विचारायचे, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) कधी निघाले आणि एफटीओ (मजुरी खात्यावर जमा करण्याचा आदेश) कुठे अडकला आहे. मजुरी १५ दिवसांत खात्यावर जायला हवी होती आणि गेलेली नव्हती, म्हणून हा प्रश्न. त्याचे उत्तर देण्याची सवय मला शिक्षणातल्या क्षेत्रकार्याने लावली. म्हणून संस्था निवडताना क्षेत्रकार्य किती आठवडे असते आणि त्यावर देखरेख कोण करते हे मी क्रमवारीच्या आधी पाहीन.

नामांकित संस्था प्रत्येक वेळी महागच असते असेही नाही. प्रिन्स्टनच्या सार्वजनिक धोरणाच्या एमपीए अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क विद्यापीठच उचलते. प्रवेश अर्थातच अवघड. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीत एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च मिळतो, पण किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. लोकसेवेत राहणाऱ्याला ही अट जाचक वाटू नये. माझ्या ओळखीत जे परदेशी शिकून याच कामात टिकले, ते बहुतेक आधी इथे काम करून मग शिष्यवृत्तीवर गेलेले आहेत. देशातच शिकायचे असेल, तर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी: निवडक संस्थांमधील शिक्षणासाठी, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते.

प्रवेश स्वीकारण्यापूर्वी संस्थेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहते की पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि दुसऱ्या वर्षी शुल्क वाढते का. त्याच अभ्यासक्रमातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, आणि शक्यतो जिल्ह्यात काम करणाऱ्या, एखाद्या माजी विद्यार्थ्याला फोन करून त्याचा हप्ता किती आहे तेही विचारावे. बहुतेक जण सांगतात.