पुरानंतरचे पहिले दोन आठवडे : नाशिकच्या मंडळांनी आणि सोसायट्यांनी मदतकार्य कसे उभारावे

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. गोदाघाट, सराफ बाजार आणि भांडी बाजार यांच्यासाठी ही खूण उपयोगी आहे. मदत कोठे न्यावी हे ठरविण्यास मात्र ती पुरेशी नाही. दारणा नदीचे पाणी गोदावरीला शहराच्या खाली मिळते आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा असल्याने पाण्याला फुगवटा येतो. त्यामुळे पंचवटीत चिखल उपसणे सुरू झालेले असतानाही निफाड तालुक्यातील सायखेडा आणि चांदोरी येथे घरांत पाणी उभे असू शकते.

म्हणून गाडी भरण्यापूर्वी जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर चौकशी करावी. कोणत्या धरणातून किती विसर्ग सुरू आहे, कोणता रस्ता बंद आहे आणि कोणत्या गावाला मदत पोहोचलेली नाही, एवढे तीन प्रश्न विचारले तरी निम्मी धावपळ वाचते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्या यंत्रणेला वगळून काम केल्यास एकाच वस्तीत पाच टेम्पो उतरतात आणि शेजारची वस्ती मदतीविनाच राहते. पाणी वाहते असेपर्यंत बचावाचे काम प्रशिक्षित दलांवर सोपवावे. ट्यूब बांधून प्रवाहात उतरणारा उत्साही तरुण बहुतेक वेळा सुटका करावी लागणाऱ्यांची संख्या एकाने वाढवतो.

पाणी उतरल्यावर दोन-तीन जणांनी, त्यांत किमान एक स्त्री असावी, वस्तीत जाऊन नोंद घ्यावी. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना प्रत्येक घर माहीत असते, त्यामुळे यादीची सुरुवात त्यांच्यापासून करावी. घरातील माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, रोजची औषधे घेणारे रुग्ण आणि शौचालयाची स्थिती यांची नोंद पुरेशी आहे. मदतीसाठी आधार कार्डाची अट घालू नये. कागदपत्रे वाहून गेलेली असतात, आणि पालात राहणारे मजूर किंवा घाटावर फिरता धंदा करणारे यांच्याकडे स्थानिक पत्त्याचा पुरावा मुळातच नसतो. नेमकी हीच माणसे सर्वांत आधी यादीतून गळतात.

मदतीचा क्रम कसा असावा याविषयी माझे मत स्पष्ट आहे : आधी पाणी, मग शौचालय, त्यानंतर बाकी सर्व. बिस्किटांचे पुडे वाटणे सोपे असते आणि छायाचित्रातही चांगले दिसते, परंतु पुरानंतर छावणीत माणसे आजारी पडतात ती मुख्यतः दूषित पाण्याने. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात मान्य असलेल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागते. एखाद्या शाळेत २०० माणसे उतरली असतील तर रोज ३,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर पुरतो. बाटलीबंद पाण्याच्या खोक्यांवर हा हिशेब कधीच बसत नाही. टँकर येऊन उभा राहिला तरी पाणी साठवायला घरात भांडे उरलेले नसते, हे लक्षात घेऊन झाकणाचे आणि तोटीचे पिंप प्रत्येक कुटुंबाला आधी द्यावे.

गावची विहीर पुराच्या पाण्याखाली गेली असेल तर ती शुद्ध केल्याशिवाय वापरू देऊ नये. प्रथम गाळ आणि घाण पाणी उपसावे. नंतर विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून व्यासाचा वर्ग, खोली आणि ०.७८५ यांचा गुणाकार करावा. येणारी संख्या घनमीटर असते आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असल्यास ते सुमारे ३७,७०० लिटर भरते. चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम धरली, तर येथे सुमारे ९५ ग्रॅम लागेल. पावडर तशीच विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पावडरीतील चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन, ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हलवावी. एका तासानंतर पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारी ओटी चाचणी घ्यावी. पिवळा रंग आला नाही तर मात्रा कमी पडली असे समजून पुन्हा निवळ घालावी. पुराच्या गढूळ पाण्याला ठरलेल्या मात्रेपेक्षा अधिक क्लोरीन लागते. जुनी, ओल लागलेली टीसीएल निकामी होते, त्यामुळे पिशवीवरील तारीख पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. घरगुती वापरासाठी गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळावे, गाळावे आणि मग उकळावे किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) घालावे.

शौचालयांसाठी ‘स्फिअर’ मानकांतच २० माणसांमागे एक असे प्रमाण आहे, अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक चालते. म्हणजे वरील शाळेत पहिल्या दिवशी किमान चार हवीत. महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे फिरत्या शौचालयांची मागणी तातडीने नोंदवावी, स्त्रियांची शौचालये वेगळी ठेवावीत, आतून कडी आणि बाहेर रात्रभर दिवा असावा. येथे गणेश मंडळांचा फार मोठा उपयोग होतो : मांडव, पडदे, जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि रात्री जागणारी मुले हे सर्व ऐन पावसाळ्यात त्यांच्याजवळ तयारच असते. निवाऱ्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरावी. ५०० चौरस फुटांच्या वर्गखोलीत १३ माणसे सामावतात, चाळीस नव्हेत.

पुराच्या पाण्यातून अनवाणी चाललेल्या माणसाला ताप, स्नायूंमध्ये तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शक्यता धरून त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच द्याव्यात. कार्यकर्त्यांनी त्या स्वतः वाटू नयेत. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे हाताशी ठेवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे सरसकट वाटू नयेत, कारण अशुद्ध पाण्यात कालवलेली पावडर बाळाला आजारी पाडते आणि आईचे अंगावरचे दूधही कमी होते.

पहिले दोन-तीन दिवस चुली भिजलेल्या असतात तोवर शिजवलेले अन्न द्यावे, त्यानंतर कोरडा शिधा. जुने कपडे गोळा करू नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले होते. त्यांऐवजी नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, सतरंज्या, खराटे, फावडी आणि गमबूट यांची गरज विचारून घ्यावी आणि शक्य तेथे खरेदी सायखेड्याच्या किंवा निफाडच्या ज्या दुकानांत पाणी शिरले नाही, तेथूनच करावी. मदत घेणाऱ्याला वस्तू हातात धरून छायाचित्रासाठी उभे करू नये. हिशेबासाठी वहीत सही किंवा अंगठा पुरतो.

घर साफ करण्याच्या घाईत सरकारी भरपाईसाठी लागणारा पंचनामा राहून जातो. भिंतीवरची पाण्याची रेघ, पडझड, भिजलेले धान्य आणि सामान यांची तारखेसह छायाचित्रे काढल्याशिवाय चिखल उपसू नये. मेलेले जनावर पुरण्यापूर्वी तलाठ्याला कळवावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी. लिहिता-वाचता येणारे दोन कार्यकर्ते केवळ भरपाईचे अर्ज भरून देण्यासाठी बसवले, तरी कुटुंबाला मिळणारा लाभ शिध्याच्या पिशवीपेक्षा पुष्कळ मोठा असतो.

वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालील परवानगी लागते. उत्सवासाठी ती काढणाऱ्या मंडळांना ही पद्धत ठाऊक आहे, परंतु उत्सवाची परवानगी पूरनिधीला लागू पडेल असे गृहीत धरू नये. जमा-खर्चाचा तक्ता मंडळाच्या फलकावर आणि मदत दिलेल्या गावाच्या चावडीवर, दोन्हीकडे लावावा.

थोडी रक्कम मुद्दाम राखून ठेवावी. दोन आठवड्यांत टेम्पो थांबतात आणि शेतकऱ्याची खरी अडचण तेव्हा सुरू होते : द्राक्षबागेत साचलेला गाळ काढायचा असतो आणि कांद्याची रोपे सडलेली असल्याने उळे (रोपांसाठीचे कांद्याचे बी) पुन्हा टाकावे लागते. त्या वेळी बियाण्याचे पैसे थेट त्याच्या हाती द्यावेत आणि कोणत्या दुकानातून काय घ्यायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.