लाडाचा कोंबडा अंगावर का येतो, आणि मुलांना त्याच्यापासून कसं जपायचं

आधी एक गोष्ट सांगते जी मला वेळेवर कुणी सांगितली नाही. मुलांनी मांडीवर घेऊन वाढवलेला, हातातले दाणे खाणारा, हाक मारली की पळत येणारा जो कोंबडा असतो ना, तोच मोठा झाल्यावर मुलांच्या अंगावर यायची भीती जास्त. माणूस दिसला की चार पावलं लांब सरकणारा कोंबडा सहसा काही करत नाही, त्याला माणसाचा धाक असतो. लाडात वाढलेल्याचा हा धाक पूर्ण मोडलेला असतो, त्याच्या लेखी आपण त्याच्याच कळपातले, मग दुसऱ्या नराशी जसं भांडायचं तसं तो आपल्याशी भांडतो. त्यात तो एकटाच वाढलेला असेल, सोबत दुसऱ्या कोंबड्या नसतील, तर अजूनच अवघड.

आमच्याकडे हेच झालं. मुलगी 6 वर्षांची, पिल्लू तिच्याच ओंजळीत वाढलेलं, ती चित्रं काढत बसली की हे तिच्या खांद्यावर. पाच महिन्यांचा होत आला होता तेव्हा एका संध्याकाळी ती अंडी काढायला खुराड्यात वाकली, आत बसलेली कोंबडी जोरात ओरडली, आणि मी दारातून बघतेय तोवर हा तिरका तिरका चालत आला, एक पंख जमिनीला घासत, मध्येच थांबून मातीत दोन-तीन चोची मारल्या जसं काही दाणेच वेचतोय, आणि पुढच्या क्षणाला उडी. डाव्या डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर दोन खोल टोचे. डोळा वाचला. रडत होती पण दुखतंय म्हणून नाही, सारखी एकच विचारत होती, "आई, त्याने मला का मारलं?"

तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आता देता येतं. तो राखणदार आहे. कळपावर नजर ठेवणं, खायला सापडलं की टुकटुक करून कोंबड्यांना बोलावणं, धोका दिसला की ओरडणं ही त्याची कामं. वरून घार आली तर वेगळी हाक आणि जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर वेगळी, इतकं त्याचं लक्ष असतं. आता त्याच्या डोळ्यांनी मूल बघा. अचानक पळतं, किंचाळतं, कोंबडीला धरायला जातं, आणि ती कोंबडी ओरडली की याला तो सरळ हल्ला वाटतो. मोठ्या माणसावर धावला तर नडगीवर ओरखडे येतात, पण मूल बुटकं, आणि खाली बसलं असेल तर त्याचा चेहरा बरोबर उडीच्या टप्प्यात. माझ्या मते सगळा धोका या उंचीत आहे, म्हणून "थोडंसं टोचतो हो, सवय होईल" असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

वयाचं म्हणाल तर साधारण 4 ते 6 महिन्यांत हार्मोन चढतात, तुरा लालभडक होतो, आरवणं सुरू होतं. पहिल्यांदा आरवला की त्याच दिवसापासून घरातले नियम बदलायचे, तो अजून कितीही गरीब वाटत असला तरी. नर कोणता ते त्याआधीच ओळखता येतं, 6-8 आठवड्यांत तुरा बहिणींपेक्षा मोठा आणि लाल दिसायला लागतो, तिसऱ्या महिन्याच्या आसपास मानेवर आणि शेपटीच्या आधी लांब, टोकदार, चकचकीत पिसं येतात. अंडी उबवून पिल्लं काढलीत तर जवळपास निम्मे नर निघणार हे धरूनच चाला. आणि नुसती अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नसते, त्याच्याशिवायही कोंबड्या तेवढीच अंडी घालतात, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. मुलं खूप लहान असतील तर याचा खरंच विचार करा.

आता खुणा, आणि या घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजेत. कोंबड्याचे डोळे दोन बाजूंना असतात त्यामुळे एखाद्या गोष्टीवर नजर ठेवायची तर तो बऱ्याचदा मान वाकडी करून एका डोळ्याने एकटक बघत राहतो, ही पहिली. मग तिरकं चालणं, एक पंख खाली सोडून आपल्याभोवती अर्धी गिरकी, ती तो कोंबडीसमोर करतो तेव्हा काही नाही पण माणसाच्या पायाशी केली तर तो तुम्हाला जोखतोय. काही न खाता मातीत चोची मारणं. मानेची पिसं छत्रीसारखी फुलवणं ही शेवटची, यानंतर उडीच. आणि पाठ फिरवली की मागून पळत येणं, जे बरेच जण खेळ समजून हसतात, तो खेळ नसतो.

अशा वेळी मोठ्यांनी काय करायचं? पळायचं नाही, मागे हटायचं नाही, आणि लाथ तर मुळीच मारायची नाही, कारण लाथ मारली की त्याच्यासाठी कुस्ती सुरू झाली आणि उद्या तो परत येणार. ताठ उभं राहायचं, त्याच्याकडे तोंड करून शांतपणे दोन पावलं पुढे जायचं, तो बाजूला होऊन दुसरीकडे बघेपर्यंत हलायचं नाही. हातात बादली किंवा झाडू असू द्या, मारायला नाही, मध्ये आडोसा म्हणून. तरी अंगावर आलाच तर दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला, काखेत घ्या, पाय हातात धरून ठेवा आणि तो सैल पडेपर्यंत तसेच फिरा, पाच मिनिटं लागोत नाहीतर पंधरा. फडफडत असताना सोडलात तर आपण जिंकलो असं तो समजतो. त्याला तपासायचं वगैरे असेल तर अंधार पडल्यावर हात लावा, कोंबड्यांना अंधारात फार कमी दिसतं त्यामुळे दांडीवर बसलेला कोंबडा अगदी शांत असतो. हे सगळं करून काही कोंबडे खरंच निवळतात, काही नाही निवळत. आणि तुम्हाला घाबरला म्हणजे मुलांना घाबरेल असं नसतं, तो प्रत्येक माणूस वेगळा ओळखतो, हे विसरू नका.

म्हणून माझा खरा भरवसा शिकवण्यापेक्षा जाळीवर आहे. कोंबड्यासाठी पार्टिशन करा, दाराची कडी मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर लावा. अंडी घालायची पेटी अशी ठेवा की झाकण बाहेरून उघडतं, म्हणजे मुलांना आत जावंच लागत नाही, आमच्याकडे हा एक बदल केल्यावर अर्धं टेन्शन गेलं. जाळी करणं जमत नसेल तर मुलं अंगणात असतील तेवढा वेळ कोंबडा डालून ठेवा. एका कोंबड्यामागे 8-10 कोंबड्या हव्यात, दोन-तीनच असतील तर त्यांच्या पाठीची पिसं जातात, आणि थोड्या कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर रोज भांडणं, मग त्या गरम डोक्याने समोर जो येईल त्याच्यावर.

मुलांसाठी आमच्याकडे थोडेच नियम आहेत पण त्यात सूट नाही. मोठं माणूस सोबत, म्हणजे हाताच्या अंतरावर, ओट्यावर फोन बघत बसलेलं नाही. बंद बूट, फुल पॅन्ट. कोंबडा मोकळा असताना कोंबडी धरायची नाही, खाली बसायचं नाही, हातातून दाणे द्यायचे नाहीत, जमिनीवर लांब टाकायचे. तो जवळ आला तर पळायचं नाही, "आई" म्हणून हाक मारायची आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकायचा, याची आम्ही मुलीसोबत घरात चक्क प्रॅक्टिस केली, मी कोंबडा व्हायचे. पाच वर्षांखालच्या मुलांना मी कोंबड्याजवळ नेतच नाही. बाहेर आल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुणं सगळ्यांना, कारण धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांकडूनही साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो आणि लहान मुलांना तो जास्त त्रास देतो. पिल्लांचे पापे घेणं पण बंद.

पायाच्या मागच्या बाजूला जो काटा असतो तो आतून हाडाचा आणि वरून नखासारखा कठीण, वयाप्रमाणे वाढत जातो. त्याचं फक्त टोक कानशीने घासून बोथट करायचं, मुळापासून कापायला जाल तर रक्त थांबत नाही आणि त्याला प्रचंड दुखतं. बोथट केला तरी चोच आणि नखं असतातच, तेव्हा हा नुसता जोडउपाय.

लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगलं धुवा. टोच वरून टिकलीएवढी दिसते पण खोल असते, आत माती जाते, म्हणून धनुर्वाताच्या लसी झाल्यात का ते बघून डॉक्टरांना दाखवा. डोळ्याला किंवा पापणीला लागलं असेल तर चोळू नका, दाबू नका, कुठलाही ड्रॉप घालू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रेबीजची भीती बऱ्याच जणांना वाटते, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, कोंबड्यापासून होत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही सांभाळा, पायावर फुगलेल्या शिरा असतील तर विशेष. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशी एक केस नोंदवलीये, अंडी गोळा करणाऱ्या 76 वर्षांच्या बाईंच्या पायावर कोंबड्याने चोच मारली, ती अशा शिरेवर बसली आणि रक्तस्रावाने त्या गेल्या.

जातींवरून फार ठरवू नका. ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन शांत म्हणून ओळखले जातात, ऱ्होड आयलंड रेडचे कोंबडे तापट म्हणून, पण एकाच उबवणीतले दोन भाऊ दोन टोकांचे निघतात. मात्र स्वभाव बराचसा रक्तातून उतरतो, त्यामुळे अंगावर येणाऱ्या कोंबड्याची पिल्लं काढू नका.

आणि तो मुलांवर दुसऱ्यांदा आला तर तिसऱ्यांदा वाट बघू नका. आम्ही आमचा देऊन टाकला, जिथे मुलं नाहीत आणि मोठं कुंपण आहे अशा ठिकाणी, आणि देताना तो काय करतो ते सगळं स्पष्ट सांगून दिला. कुणी घेत नसेल तर कायमचा जाळीत ठेवणं किंवा त्याला संपवणं एवढेच रस्ते राहतात, दोन्ही जड आहेत, पण निर्णय मोठ्यांनी घ्यायचा, मुलांवर टाकायचा नाही. मुलगी आठवडाभर रडली. आता ती 9 वर्षांची आहे, नवीन कोंबडा जाळीच्या पलीकडे असतो, आणि परवा पाहुण्यांची मुलं आली तेव्हा जाळीपाशी त्यांना थांबवून तीच सांगत होती, "बघ, त्याने पंख खाली सोडलाय ना, आता मागे नाही जायचं, नुसतं उभं राहायचं."