आधी चित्रपुस्तक, मग मटकी
घरी शिकणारी चार-पाच वर्षांची तीन-चार मुलं एकत्र बसवा आणि बी रुजण्याची गोष्ट असलेलं चित्रपुस्तक उघडा. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात. मजकूर लगेच वाचू नका. चित्रांवर बोट ठेवत आधी मुलांनाच गोष्ट सांगू द्या. मग प्रत्येकाला मूठभर मटकी द्या. भिजवणं, दुसऱ्या दिवशी निथळून ओल्या फडक्यात बांधणं, सगळं त्यांच्याच हातांनी. पाणी सांडेल, सांडू द्या. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, थंडीत जरा वाट पाहावी लागते. रोज मोडाचं चित्र काढायला सांगा. ती पानं दोऱ्याने शिवली की मुलांचं स्वतःचं पुस्तक तयार. थोडी मटकी कुंडीत पेरा, बाकीची उसळ सगळ्यांनी मिळून खा.