जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का? दुकानात जायच्या आधी घरीच असं बघा

गेल्या दिवाळीत साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो, तर तिच्या डेस्कटॉपवर मेसेज आलेला की या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही, आणि दुकानवाल्याने तिला सांगून टाकलेलं की आता अख्खा सेट बदलावा लागेल. प्रोसेसर बघितला तर आय३-८१००, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत व्यवस्थित बसणारा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक सेटिंग बंद होतं एवढंच. ते चालू केलं, परत चेक केलं, सगळ्या हिरव्या टिका. दहा मिनिटांचं काम आणि त्यासाठी ती बिचारी महिनाभर पैशांची जुळवाजुळव करत होती. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, कारण असे कितीतरी चांगले पीसी आत्ता लोक भंगारात द्यायला निघालेत.

थोडक्यात भानगड काय आहे ती आधी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसी बंद पडत नाही, पण नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबतात, आणि ज्या मशीनवर आपण बँकेचे व्यवहार करतो, आधार पॅनच्या कॉप्या ठेवतो त्या मशीनचं असं होणं बरं नाही. विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत, फक्त मशीन पात्र पाहिजे. पात्र म्हणजे काय तर ६४-बिट प्रोसेसर आणि तोही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सोय, पुढे सांगतो), आणि डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. घाबरू नका, यातलं एक एक बघू.

सगळ्यात आधी पीसी हेल्थ चेक

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं छोटं फुकट ॲप आहे, नाव पीसी हेल्थ चेक. बऱ्याच मशीनवर ते आधीच असतं, स्टार्टमध्ये नाव टाईप करून बघा, नसेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून घ्या, दुसऱ्या कुठल्या डाऊनलोड साईटवरून घेऊ नका. उघडलं की वरच निळं बटण दिसतं, चेक नाऊ. ते दाबा. हो आलं तर प्रश्नच मिटला, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जा आणि डेटाचा बॅकअप घेऊन अपग्रेड करा.

नाही आलं तर मात्र तिथेच थांबू नका, बहुतेक लोक इथेच चुकतात. खाली सी ऑल रिझल्ट्स आहे, त्यावर क्लिक करा आणि नक्की कुठल्या ओळीवर लाल फुली आहे ते वाचा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कारण टीपीएमची फुली आणि प्रोसेसरची फुली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टीपीएम आणि सिक्युअर बूट बहुतेक वेळा नुसते बंद असतात. रॅम आणि डिस्क बदलता येते. प्रोसेसर मात्र लॅपटॉपमध्ये बोर्डालाच चिकटवलेला असतो, तो काही बदलत नाही. त्यामुळे मी तरी नेहमी प्रोसेसरपासून सुरुवात करतो, तो पास झाला तरच बाकीच्या खटपटीला अर्थ आहे.

प्रोसेसरचं नाव वाचायचं कसं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्सवर जा, सीपीयूवर क्लिक करा, उजवीकडे वर पूर्ण नाव दिसेल.

इंटेल असेल तर डॅशच्या पुढचा आकडा बघायचा. आय५-८२५०यू मध्ये पुढचा आकडा ८, म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय५-७२००यू म्हणजे सातवी, नाही चालणार. आय५-१०२१०यू किंवा आय३-१००५जी१ म्हणजे दहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी, म्हणजे आकडा १ ने सुरू झाला तर पहिले दोन आकडे मिळून पिढी धरायची. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आय७ म्हणजे सातवी पिढी नाही, आय५ म्हणजे पाचवी नाही, ते फक्त ताकदीचे वर्ग आहेत. मला कितीतरी जण सांगतात माझा आय७ आहे म्हणजे चालेलच, आणि बघावं तर आय७-४७९०, म्हणजे चौथी पिढी. त्याच्यापेक्षा साधा आय३-८१०० यादीत आहे. वेगात तो आय७ अजिबात कमी नाही, वाईट वाटतं खरं, पण नियम पिढीचा आहे.

साधारण इंटेलची आठवी पिढी आणि पुढचं चालतं, ती २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. सातव्या पिढीतले आय७-७८२०एचक्यू आणि एक्स सिरीजचे थोडे प्रोसेसर यादीत आहेत पण ते घरगुती मशीनमध्ये सहसा सापडत नाहीत. स्वस्तातल्या लॅपटॉपमधला सेलेरॉन असेल तर एन४००० आणि एन४०२० चालतात, एन३०६० आणि एन३३५० नाही.

एएमडी असेल तर रायझेनच्या पुढचा चार आकडी नंबर बघा. १ ने सुरू होत असेल, म्हणजे रायझेन ५ १६०० वगैरे, तर नाही. ३००० आणि पुढचे बहुतेक चालतात. २००० ची सिरीज मिश्र आहे, त्यात काही आहेत काही नाहीत, म्हणून तुमचा नंबर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरच्या यादीत शोधा. ए६, ए८, ई२ असं लिहिलेले जुने एएमडी लॅपटॉप बसत नाहीत.

रॅम, डिस्क आणि ३२-बिटचा घोळ

त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क दिसते. नियमाने ४ जीबी रॅम पुरते पण ४ जीबीवर क्रोमच्या चार टॅब उघडल्या की मशीन रडतं, ८ जीबी करा. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर नियमात बसते, पण मनापासून सांगतो, एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) टाकल्याशिवाय अपग्रेड करू नका, नाहीतर सुरू व्हायलाच चहा होईल एवढा वेळ लागतो.

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊट इथे सिस्टीम टाईप म्हणून एक ओळ असते. तिथे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर असं लिहिलं असेल तर प्रोसेसर ठीक आहे, फक्त विंडोज ३२-बिट टाकलेलं आहे. विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही, त्यामुळे डेटा बाजूला काढून नव्याने इन्स्टॉल करावं लागेल.

टीपीएम

टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी समजा, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या विंडोजपासून वेगळ्या ठिकाणी ठेवणारी. विंडोजची की आणि आर दाबा, रनची चौकट येते, तिथे इंग्रजीत टीपीएम, डॉट, एमएससी असं जोडून टाईप करून एंटर. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की झालं. १.२ दिसलं तर ते मशीन बहुधा जुन्याच पिढीचं असतं. पण कंपॅटिबल टीपीएम सापडत नाही असा मेसेज आला आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे, तर ९९ टक्के वेळा ते बायोसमध्ये बंद आहे असं समजा. वेगळी चिप विकत आणायची गरज नसते, ती सोय मशीनमध्ये आधीच असते.

बायोसला हात लावायच्या आधी एक काम, हे कृपा करून टाळू नका. तुमची ड्राइव्ह बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने लॉक आहे का ते बघा, सेटिंग्जच्या सर्चमध्ये टाईप केलं की सापडतं. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. टीपीएमची सेटिंग बदलल्यावर मशीन ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर घरातले सगळे फोटो आत अडकतात, मग कुणीच काही करू शकत नाही.

आता सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, तिथे ॲडव्हान्स्ड स्टार्टअपखाली रीस्टार्ट नाऊ. निळी स्क्रीन येईल, ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. मशीन थेट बायोसमध्ये जातं, सुरू होताना एफ२ का डिलीट दाबत बसायला लागत नाही. आत सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्डखाली शोधा. इंटेलच्या बोर्डवर नाव असतं इंटेल पीटीटी किंवा प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी, एएमडीवर एफटीपीएम. कंपनीप्रमाणे जागा बदलते त्यामुळे थोडं हिंडावं लागेल, सापडलं की एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. दुसरं काही बदलू नका.

सिक्युअर बूट आणि लेगसी, इथे घाई नको

परत रनमध्ये एमएसइन्फो३२ टाईप करा. उजवीकडे बायोस मोड बघा. यूईएफआय असेल आणि खाली सिक्युअर बूट स्टेट ऑफ असेल तर बायोसमध्ये जाऊन फक्त सिक्युअर बूट चालू करायचं. पण बायोस मोडपुढे लेगसी, म्हणजे जुनी बायोस पद्धत, असं लिहिलं असेल तर बायोसमध्ये जाऊन सरळ यूईएफआय करू नका, विंडोज सुरूच होणार नाही. झालंच चुकून तर परत लेगसी करा, सुरू होईल, डेटा जात नाही.

डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन कुठे आहेत याची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, लेगसीमध्ये ती जुन्या एमबीआर पद्धतीची असते, आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्येच त्याचं टूल आहे, एमबीआर२जीपीटी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, टूलचं नाव, मग स्लॅश व्हॅलिडेट, मग स्लॅश अलाऊफुलओएस, सगळं इंग्रजीत टाईप करा. ही कमांड फक्त तपासते, काही बदलत नाही. पास झालं तर बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेऊन व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट, आणि मगच बायोसमध्ये यूईएफआय.

आपल्याकडे हे बऱ्याचदा नापास होतं, कारण असेंबल करणारे सी, डी, ई, एफ अशा ड्राइव्ह पाडून देतात, आणि या टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, लॉजिकल तर एकही चालत नाही. मग शेवटच्या ड्राइव्हमधला डेटा बाहेर काढून पार्टिशन कमी करायची, नाहीतर सरळ नवीन एसएसडी घेऊन त्यावर विंडोज ११ ताजं टाकायचं. मला दुसरा रस्ता जास्त आवडतो, जुनी डिस्क तशीच सुरक्षित राहते.

ग्राफिक्ससाठी रनमध्ये डीएक्सडायग, डिस्प्लेच्या टॅबवर ड्रायव्हर मॉडेल डब्ल्यूडीडीएम २.० किंवा वर पाहिजे. प्रोसेसर यादीत असेल तर इथे सहसा अडत नाही.

हे सगळं बदलून झाल्यावर पीसी हेल्थ चेक परत चालवा. विंडोज अपडेटमध्ये मात्र लगेच दिसत नाही, २४ तास लागू शकतात, तेव्हा धीर धरा.

मशीन पास झालं, पण तुमची कामं?

हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पतसंस्थेत, किराणा दुकानात, सीएच्या ऑफिसात अजून फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले डॉसचे हिशेबाचे प्रोग्राम चालतात. ते १६-बिट असतील तर ३२-बिट विंडोजवर चालत होते, विंडोज ११ वर चालणार नाहीत. अशा ठिकाणी आधी त्या प्रोग्रामची सोय लावा, मग अपग्रेड. मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर डाँगल (लायसन्ससाठी पीसीला लावायचा छोटा तुकडा) लावून चालत असेल तर त्या डाँगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का विचारा. प्रिंटर, थंब मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रत्येकाच्या कंपनीच्या साईटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का एकदा बघून घ्या.

आणि सेकंडहँड लॅपटॉप घेत असाल तर विंडोज ११ चालू करून दाखवला एवढ्यावर विश्वास ठेवू नका. रूफससारख्या टूलने पेनड्राइव्ह बनवताना ही सगळी तपासणी वगळता येते, त्यामुळे सहाव्या पिढीवरही ११ सुरू होतं. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीचं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही, हाताने टाकावं लागतं. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये सातवी आणि आठवी दोन्ही पिढ्या विकल्या गेल्यात. विकणाऱ्यासमोर टास्क मॅनेजर उघडा आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

प्रोसेसरच नापास झाला तर

तरी मशीन लगेच टाकू नका. विंडोज १० साठी एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट म्हणजे ईएसयू आहे, घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. रनमध्ये विनव्हर टाईप करून व्हर्जन २२एच२ आहे ना बघा, नसेल तर आधी ते अपडेट करा, मग विंडोज अपडेटच्या पानावर एन्रोल नाऊ दिसतं. मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत.

तेवढ्या वेळात लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, पेनड्राइव्हवर टाकून बघा. डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच ते सुरू होतं, २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर आरामात. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंट निघते का, यूट्यूब आणि मराठी टायपिंग चालतं का, हे सगळं एका संध्याकाळी तपासून होतं, आणि नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की तुमचं विंडोज जसंच्या तसं समोर असतं.