फवारणीचा ड्रम आणि गावचा नळ: मध्ये वीतभर हवा ठेवा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या पट्ट्यात आंबिया बहाराची फळगळ दिसू लागली की संत्र्यावर फवारण्या वाढतात. त्याच दिवसांत कपाशीवर तुडतुडे, पुढे बोंडअळी, आणि सोयाबीनवर चक्रीभुंगा. ऑगस्ट-सप्टेंबरात गावात दर दोन-चार घरांपुढे औषधाचा ड्रम भरलेला दिसतो. शेतातली विहीर लांब असते, वाट चिखलाची असते, म्हणून बरेच जण घरच्या नळावरच ड्रम भरून घेतात. रबरी नळी ड्रममध्ये सोडायची, तोटी उघडायची, पाणी चढेपर्यंत औषध मोजून ओतायचं. तेवढ्यात नळ जातात. नळी औषधात बुडालेली, तोटी उघडीच, आणि माणूस दुसऱ्या कामाला लागलेला. हा सल्ला त्या बुडालेल्या नळीबद्दल आहे.

नळ गेले तरी लाईनमधलं पाणी जागच्या जागी थांबत नाही, ते उताराकडे जात राहतं. खालच्या आळीत कोणाची तोटी उघडी असली की तिथून ते पडतं आणि वरच्या बाजूच्या पाईपात पोकळी तयार होते. ती पोकळी भरायला लाईन जे मिळेल ते आत ओढते. उघड्या तोटीतून नुसती हवा गेली तर बिघडत नाही, पण तोटीला लावलेली नळी औषधात बुडालेली असेल तर औषधच ओढलं जातं. ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीनं डिझेल काढतो तसंच हे घडतं, फक्त इथं कोणी तोंड लावत नाही आणि कोणाला दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी नळ आले की लाईनमध्ये शिरलेलं औषध सगळ्यात आधी शेजारच्या घागरीत उतरतं.

चोवीस तास पाणी असलेल्या ठिकाणी हे सहसा पाईप फुटला किंवा आग विझवायला एकदम पाणी ओढलं गेलं तर घडतं. आपल्या गावांत नळ ठरावीक वेळ येतात आणि जातात, म्हणजे हा उलटा ओढा आपल्याकडे रोज तयार होतो. म्हणून ‘आजवर काही झालं नाही’ यावर विसंबून राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कोणी पाणी ओढायचा छोटा टुल्लू पंप थेट लाईनला लावला असेल तर नळ चालू असतानाही आजूबाजूच्या घरांच्या जोडणीतून ओढलं जाऊ शकतं. एचटीपी पंपाचा (जास्त दाबाच्या फवारणी पंपाचा) पाणी ओढणारा पाईप तोटीला थेट जोडला तरी तेच होतं. या दोन्ही गोष्टी आजच बंद करा.

किती औषध गेलं तर धोका? उदाहरण म्हणून क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात कालवायचं पातळ कीटकनाशक) घ्या. लिटरला २ मिली या मात्रेनं कालवलेल्या एक लिटर पाण्यात मूळ विष सुमारे ०.४ ग्रॅम असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. हिशोब केला तर ड्रममधलं एक लिटर पाणी साधारण १३ हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. पन्नास हजार लिटरची गावची टाकी घेतली तर चार लिटर पुरेत. आणि लाईनमध्ये ते टाकीसारखं सगळीकडे सारखं मिसळत नाही, पहिल्या एक-दोन घरांच्या वाट्याला दाट येतं.

टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकल्यानं हे विष जात नाही. गावचे पाणी तपासणारे जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करतात, त्यात पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे एवढंच कळतं. ते रोज बघायलाच हवं, पण औषध त्यात दिसत नाही. उलट क्लोरपायरीफॉससारख्या औषधांचं क्लोरीनमुळे जे रूपांतर होतं ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. पाणी उकळूनही भरवसा धरता येत नाही.

उपाय खर्चाचा नाही. नळीचं टोक ड्रमच्या काठाच्या वर ठेवा. जगभर मान्य असलेला नियम असा की तोटीचं किंवा नळीचं तोंड आणि भांड्याचा काठ यांत नळीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी एक इंच, मोकळी जागा हवी. मोजत बसायचं नसेल तर वीतभर धरा. अंतर पाण्याच्या पातळीपासून नव्हे, काठापासून मोजायचं, कारण लक्ष चुकलं की ड्रम काठोकाठ भरतो. नळी हातानं धरून ठेवू नका, कधीतरी सुटतेच. लाकडी फळीला किंवा लोखंडी सळईच्या आकड्याला तारेनं पक्की बांधा. मधली हवा असली की नळीला ड्रममधलं काही ओढता येत नाही. ती जागा ना झिजते, ना अडकते.

याहून चांगलं म्हणजे नळाजवळ औषध कालवायचंच नाही. नळावर फक्त साधं पाणी भरा, स्वच्छ कॅनमध्ये किंवा वेगळ्या ड्रममध्ये, आणि औषध शेतात मिसळा. तिथेही विहीर किंवा बोअरपासून निदान शंभर फूट लांब. औषधाचा ड्रम वेगळा ठेवा, त्यावर रंगानं मोठी खूण करा आणि तो नळाकडे आणूच नका. संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी बोर्डो मिश्रण करतानाही हेच, एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना शंभर लिटरला. मोरचूद लोखंडी भाग खातो, म्हणून लोखंडी नळी किंवा व्हॉल्व्ह त्यात बुडालेले राहिले तर दुहेरी नुकसान.

जीवामृत करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. ‘आपलं तर शेणखताचं आहे, विष थोडंच आहे’ असं वाटतं. पण २०० लिटरच्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आठवडाभर आंबतं, आणि त्यात ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू असतात. नळी त्यात बुडली तर गावात हगवण पोचते. गुरांच्या टाक्यात सोडलेल्या पाईपाचंही तसंच. १९३३ साली शिकागोच्या दोन हॉटेलांत सदोष पाईपजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि आमांशाच्या साथीत ९८ माणसं दगावली. त्यात औषधाचा थेंबही नव्हता.

कोणी म्हणेल, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवली की झालं. बसवा, पण तिच्यावर सगळी मदार ठेवू नका. गाळाचा खडा अडकतो, रबर कडक होतं, आणि व्हॉल्व्ह बंद होत नाही हे बाहेरून दिसत नाही. नळापाशी हवेची जागा हाच पहिला उपाय, एनआरव्ही त्याच्या जोडीला. नर्सरीवाल्यांनी, रोपांच्या गादीवाफ्यात नळी सोडून पाणी देणाऱ्यांनी, तोटीवर व्हॅक्युम ब्रेकर लावावा. नळ गेले की तो हवा आत घेतो आणि ओढा तुटतो. पण नळी बारदानात, चिखलात, खताच्या पाण्यात पडून राहू नये, ही सवय त्याहून आधी.

चुकून नळीत औषध ओढलं गेलं असं वाटलं तर लपवू नका. तोटी बंद करा, नळी काढा आणि लगेच ग्रामपंचायतीत, पाणी सोडणाऱ्या माणसाला आणि आजूबाजूच्या घरांना सांगा. त्या भागाचा पुरवठा थांबवून वॉशआऊटमधून, म्हणजे लाईन रिकामी करायच्या व्हॉल्व्हमधून, लाईन धुवावी लागते, तोवर त्या पाण्याचा पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापर नको. कोणाला मळमळ, उलट्या, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं किंवा स्नायू फडफडणं होत असेल तर १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत दवाखान्यात न्या. कोणतं औषध हे कळलं की डॉक्टरांना उपचार ठरवायला वेळ लागत नाही.

फवारण्या उरकल्या की रब्बीत ड्रिपमधून खत सोडायला सुरुवात होते. शेतातल्या बोअरचं पाणी घरी पिण्याला वापरत असाल तर हाच धोका तिथं आहे. मोटार बंद झाली की व्हेंचुरीतलं (ड्रिपमध्ये खत ओढून घेणाऱ्या जोडणीतलं) किंवा खताच्या टाकीतलं पाणी बोअरकडे परत जाऊ पाहतं. मोटार आणि व्हेंचुरी यांच्या मध्ये एनआरव्ही हवी, आणि तिच्या बोअरकडच्या बाजूला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह आणि एक छोटी तोटी. खत घालायच्या आधी, ड्रिपमध्ये साधं पाणी असताना तपासणी करा: मोटार थांबवा, ड्रिपच्या नळ्या भरलेल्या असू द्या, ती छोटी तोटी उघडा. पाईपातलं पाणी एकदा उतरून गेल्यावरही ड्रिपकडून झिरपा येतच राहिला तर एनआरव्ही उघडून साफ करा, रबर बदला आणि मग खत सोडा.