माइनक्राफ्टमध्ये खेचर काढताना सोनं वाया घालवू नका

मे महिन्यात मालवणला भाचा माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये दोन दिवस घोडा आणि गाढव एका कुंपणात ठेवून साधी गाजरं, सफरचंदं चारत बसला होता आणि पिल्लू काय होईना, शेवटी त्याने मला फोन लावला, म्हणून लिहितोय. माइनक्राफ्टमध्ये घोडा-गाढव यांचं खेचर होतं पण साध्या गाजरावर नाही, सोनेरी गाजर किंवा सोनेरी सफरचंदच लागतं, आणि दोन्ही जनावरं आधी माणसाळलेली हवीत, म्हणजे पाठीवर परत परत बसायचं, पाडलं तरी बसायचं, लाल बदाम दिसले की झालं.

आता खरी गोष्ट. सफरचंद करू नका! एका सोनेरी सफरचंदाला सोन्याच्या ८ विटा जातात, दोघांना दोन म्हणजे १६. सोनेरी गाजराला फक्त ८ नगेट (सोन्याचे छोटे तुकडे) लागतात आणि एका विटेतून ९ निघतात, म्हणजे दोन विटांत काम होतं. केवढा फरक आहे बघा.

घोडा मात्र पळवून बघूनच निवडा, कारण रानात सापडणारी गाढवं सगळी एकाच वेगाची असतात, पिल्लाचा वेग घोड्यामुळेच वाढतो. पिल्लू २० मिनिटांत मोठं होतं, गवताचा गठ्ठा चारला की अजून लवकर. मग त्यालाही तसंच माणसाळवून पाठीवर पेटी चढवा, १५ खणांचं सामान आरामात जातं. खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत हं, म्हणून आईबापांना कुंपणातच सांभाळून ठेवा, पाच मिनिटांनी परत गाजरं देता येतात.