जुनी पीएचपी स्क्रिप्ट पीएचपी ८ वर कशी आणावी

होस्टिंगवाले एक दिवस कळवतात की यापुढे सर्व्हरवर पीएचपी ८ च राहील, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट दुसऱ्या दिवशी नुसते पांढरे पान दाखवते. आमच्या वाचनालयाची सभासद-नोंदणी अशीच बंद पडली. ती २००९ साली पीएचपी ५ वर, म्हणजे वेबपाने तयार करणाऱ्या या भाषेच्या जुन्या आवृत्तीवर, लिहिलेली होती. सगळे नव्याने लिहावे लागेल असे वाटले होते, पण तशी वेळ आली नाही. तीन रविवार मात्र गेले.

आधी फायली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत घ्या. चालू सर्व्हरवर दुरुस्तीला हात लावू नका. ती प्रत आपल्या संगणकावर डॉकरमध्ये (हव्या त्या आवृत्तीचा सर्व्हर आपल्याच संगणकावर वेगळा चालवणारे साधन) जुन्याच आवृत्तीवर चालवून पाहा. मूळ वागणूक डोळ्यांसमोर नसेल तर पुढे काय बिघडले हे कळणारच नाही.

मग थेट ८ वर उडी न मारता ७.४ वर थांबा. ८ मध्ये काढून टाकलेल्या बऱ्याच गोष्टी, उदाहरणार्थ 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ही फंक्शने, ७.४ वर चालतात, पण इशारा देतात. सगळ्या चुका दिसतील अशी सेटिंग ठेवा आणि एकेक पान उघडत जा. फायलींची नुसती व्याकरण-तपासणी पुरेशी नाही. एखादे फंक्शन आता अस्तित्वात नाही, हे ती ओळ प्रत्यक्ष चालल्यावरच कळते.

सर्वांत मोठे काम डेटाबेसचे. 'मायएसक्यूएल'ने सुरू होणारी जुनी फंक्शने डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधूनच गेली. त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ हे डेटाबेसशी बोलण्याचे नवे मार्ग घ्या. नुसते नाव बदलून भागत नाही, कारण मायएसक्यूएलआयच्या क्वेरी फंक्शनला आधी जोडणी द्यावी लागते आणि मग क्वेरी. हात घातलाच आहे तर फॉर्ममधून आलेली माहिती क्वेरीत चिकटवणे बंद करून प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवा. जुन्या स्क्रिप्ट ज्या मॅजिक कोट्सच्या (आलेल्या माहितीतील अवतरणचिन्हे आपोआप निष्प्रभ करणाऱ्या सोयीच्या) भरवशावर होत्या, ते ५.४ पासून नाहीत. फॉर्ममधून डेटाबेसमध्ये घुसायची दारे सताड उघडी आहेत.

एवढ्या चुका ओरडून सांगतात. खरी भीती गप्प बसणाऱ्यांची. पीएचपी ७ पर्यंत रिकामा मजकूर आणि शून्य यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली तर उत्तर 'समान' येई. ८ मध्ये 'असमान' येते. आमच्याकडे वर्गणीचा रकाना मजकुराचा होता आणि न भरणाऱ्यांचा रिकामा. थकबाकीच्या यादीतून ती सगळी नावे गळाली, चूक मात्र कुठेच दिसली नाही. म्हणून शून्याशी होणारी प्रत्येक तुलना शोधून वाचा. क्लासच्याच नावाचे जुने कन्स्ट्रक्टरही (वस्तू तयार होताच आपोआप चालणारी फंक्शने) ८ मध्ये मुकाट्याने साधे फंक्शन होऊन बसतात.

आता मराठीचे दुखणे. नवी जोडणी यूटीएफ८एमबी४ वर (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची अक्षर-पद्धत) केली की कधीकधी सगळी नावे चित्रविचित्र रोमन चिन्हांत दिसू लागतात. घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो. जुन्या स्क्रिप्टने यूटीएफ-८ मराठी लॅटिन१ (रोमन अक्षरांपुरत्या पद्धतीच्या) तक्त्यात तशीच कोंबलेली असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, म्हणून एका 'म'ची तीन चिन्हे दिसतात. रकाना थेट यूटीएफ८एमबी४ केलात तर तो कचराच पक्का होईल. आधी बायनरी (नुसते बाइट) करा, मग यूटीएफ८एमबी४, आणि हेही प्रतीवरच. शीर्षके छाटणारे 'सबस्ट्र' असेल तर 'एमबी सबस्ट्र' करा. बाइट मोजून कापल्याने अर्धे अक्षर उरले, तर ५.४ ते ८.० या आवृत्त्यांत 'एचटीएमएल स्पेशलचार्स' हे मजकूर पानावर सुरक्षित दाखवणारे फंक्शन अख्खे शीर्षक रिकामे करून परत देते.

कोड मोठा असेल तर रेक्टर हे साधन बरेच बदल आपोआप करते, पण त्याचा प्रत्येक बदल वाचूनच स्वीकारा.

७.४ वर इशारे संपले की ८ वर न्या. सर्व्हरवर चढवताना चुका पडद्यावर दाखवणे बंद करा, लॉगमध्ये लिहिणे चालू ठेवा आणि तो महिनाभर रोज वाचा. मार्चअखेरची थकबाकी यादी वर्षातून एकदाच निघते. ती आजच काढून जुन्या छापील यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहा.